भाड्याचे पक्ष, अधांतरी अध्यक्ष

भारताचे ते राष्ट्रपती; अमेरिका, ब्राझील, पेरू यांचे मात्र राष्ट्राध्यक्ष. मराठी वृत्तपत्रं हा भेद वर्षानुवर्षं पाळत आली आहेत. हिंदीत तो नाही. तिथे दिल्लीतले राष्ट्रपती आणि वॉशिंग्टनमधलेही राष्ट्रपतीच. इंग्रजीत दोघेही प्रेसिडेंट. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करणारा प्रमुख वेगळा आणि जनतेच्या कौलावर निवडून येऊन स्वतः राज्य हाकणारा प्रमुख वेगळा, ही जाण मराठीने दोन शब्दांत जपली आहे. मला ती मोलाची वाटते. या दुसऱ्या प्रकारच्या प्रमुखाचं सरकार केव्हा टिकतं आणि केव्हा कोसळतं, या प्रश्नाने लॅटिन अमेरिकेला पिढ्यान्‌पिढ्या छळलं आहे. त्याचं उत्तर ‘अध्यक्ष’ या शब्दापाशी शोधायला जावं तर हाती फारसं लागत नाही; ते सापडतं ‘पक्ष’ या शब्दापाशी. म्हणून दोन्ही शब्दांची कुळकथा एकत्र वाचायला हवी.

‘राष्ट्रपती’ हा शब्द प्रजासत्ताकाआधी एका पक्षाच्या प्रमुखासाठी वापरात होता. काँग्रेसच्या अध्यक्षाला त्या काळी राष्ट्रपती म्हणत. १९३७ साली जवाहरलाल नेहरूंनी ‘चाणक्य’ या टोपणनावाने ‘मॉडर्न रिव्ह्यू’त स्वतःवरच टीका करणारा लेख लिहिला, त्याचं शीर्षक ‘राष्ट्रपती’ हेच होतं. पुढे हा शब्द पक्षाकडून देशाकडे आला आणि ज्या पदाला चिकटला, त्या पदाने पक्षापासून दूर राहावं अशी अपेक्षा रूढ झाली.

‘अध्यक्ष’ त्याहून कितीतरी जुना. ‘अधि’ म्हणजे वर आणि ‘अक्ष’ म्हणजे डोळा. वरून नजर ठेवणारा तो अध्यक्ष. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात सृष्टीकडे परमव्योमातून पाहणाऱ्याला हाच शब्द लावला आहे. कौटिल्याने तो जमिनीवर आणला. अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण ‘अध्यक्षप्रचार’ या नावाचं आहे आणि त्यात खात्याखात्याचे अध्यक्ष आहेत: शेतीवर सीताध्यक्ष, व्यापारावर पण्याध्यक्ष, जकातीवर शुल्काध्यक्ष, नौकानयनावर नावध्यक्ष, मद्यावर सुराध्यक्ष. ही सगळी देखरेख करणारी माणसं. मालकी राजाची, नजर अध्यक्षाची.

‘प्रेसिडेंट’चंही मूळ असंच साधं आहे. लॅटिनमध्ये ‘प्राए’ म्हणजे पुढे आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणं. सभेत पुढे बसणारा तो प्रेसिडेंट. त्याच धातूतून आलेला स्पॅनिश ‘प्रेसिदियो’ आधी लष्करी ठाण्यासाठी आणि पुढे तुरुंगासाठी वापरला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचा कारभारी प्रेसिडेंट म्हणवला जाई, म्हणून त्याच्या अखत्यारीतला मुलूख ‘प्रेसिडेन्सी’ झाला. मराठीत आपण त्याला मुंबई इलाखा म्हटलं. १७८९ साली अमेरिकेत नवं सरकार उभं राहत असताना नव्या प्रमुखाला कसं संबोधावं यावर खल झाला. सिनेटच्या समितीने ‘हिज हायनेस’ने सुरू होणारी, स्वातंत्र्याचा संरक्षक म्हणून गौरवणारी लांबलचक पदवी सुचवली. प्रतिनिधिगृहाने ती मानली नाही. उरला तो नुसता ‘प्रेसिडेंट’, सभेत पुढे बसणारा.

पुढे बसायचं म्हणजे समोर कुणीतरी बसलेलं असणार. अध्यक्षीय लोकशाहीचा सगळा पेच इथे आहे. समोरच्या बाकांवर कोण बसलं आहे, किती गटांत बसलं आहे, आणि आज जिथे बसलं आहे तिथेच ते उद्या बसेल का? स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये एका पक्षाच्या सभागृहातल्या गटाला ‘बांकादा’ म्हणतात, म्हणजे बाकभर माणसं. मराठीतला ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांकू’वरून आला असं मानलं जातं, म्हणजे लिमातले आणि ब्राझिलियातले बाक आपल्या बाकांचे भाऊबंदच.

आता ‘पक्ष’. मूळ अर्थ पंख. म्हणून पंख असलेला तो पक्षी. महिन्याचे पक्ष दोन, शुक्ल आणि कृष्ण. लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष. शास्त्रार्थात पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. कोर्टात समोरासमोर उभे ठाकलेले पक्षकार. शरीराची एक बाजू लुळी पडली की पक्षाघात, आणि न्याय करणारा एका बाजूला झुकला की पक्षपात. यातला कुठलाही शब्द घ्या, त्यात दोनची संख्या गृहीत धरलेली आहे. एका पक्षाला अर्थ येतो तो दुसरा पक्ष असल्यामुळे.

युरोपीय भाषांतला शब्द वेगळ्या घरचा. लॅटिन ‘पार्स’ म्हणजे भाग, ‘पार्तीरे’ म्हणजे वाटणं, विभागणं. स्पॅनिश-पोर्तुगीज ‘पार्तिदो’ हे त्याचंच भूतकालवाचक विशेषण: विभागलेला. इंग्रजी ‘पार्टी’ फ्रेंचमार्गे आली तीही याच कुळातून. विभागणीला संख्येची मर्यादा नसते. दोन तुकडे होतात, तसे तीसही होतात. ब्राझीलच्या ५१३ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात २०१८च्या निवडणुकीने ३० पक्ष आणून बसवले.

संसदीय पद्धतीत असे तीस तुकडे झाले तरी एक वाट मोकळी असते. बहुमत गेलं की सरकार पडतं, नवी जुळवाजुळव होते, नाहीतर निवडणूक होते. अध्यक्षीय पद्धतीत ही वाट नाही. अध्यक्ष चार किंवा पाच वर्षांसाठी निवडून आलेला. सभागृहही लोकांनीच निवडलेलं. दोघांकडे जनादेश आणि दोघांचं जमत नसेल तर निवाडा करणारा कुणी नाही. हुआन लिंझ या स्पॅनिश समाजशास्त्रज्ञाने १९९०च्या आपल्या गाजलेल्या निबंधात अध्यक्षीय पद्धतीचा धोका म्हणून नेमकी हीच गोष्ट मांडली. मराठीत तिला तयार शब्द आहेत: एका म्यानात दोन तलवारी. स्कॉट मेनवेरिंग यांनी १९९३ साली त्यात पुढचा धागा जोडला. अध्यक्षीय पद्धत आणि बहुपक्षीयता यांची जोडी विशेष अवघड, असं त्यांचं प्रतिपादन. सलग २५ वर्षं टिकलेली बहुपक्षीय अध्यक्षीय लोकशाही त्यांना तोवरच्या इतिहासात एकच सापडली, चिलीची; आणि तीही ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने संपवली.

पेच कागदावर समजतो तो असा. तो माणसांच्या तोंडी कसा येतो ते पाहायचं तर पेरूचे शब्द ऐकावे लागतील.

पेरूच्या राजकारणात ‘व्येन्त्रे दे आल्किलेर’ हा शब्दप्रयोग सर्रास चालतो. शब्दशः अर्थ, भाड्याची कूस. एका पक्षाकडे निवडणूक यंत्रणेकडची नोंदणी असते, पण लोकांना माहीत असलेला चेहरा नसतो. दुसरीकडे एखाद्याकडे चेहरा असतो, पण नोंदणी नसते. दोघं निवडणुकीपुरते एकत्र येतात. निवडणूक संपली की नातंही संपतं. पक्षांची नावं पाहिली तरी हे तात्पुरतेपण उघड होतं. आल्बेर्तो फुजिमोरी १९९० साली ‘काम्बियो ९०’ या नावाने उभे राहिले: ‘बदल ९०’. नावातच साल, जणू मुदत छापलेली. १९९२ साली त्याला ‘नवं बहुमत’ जोडलं गेलं, १९९८च्या नगरपालिकांसाठी ‘वामोस वेसिनो’ निघाला, आणि २०००च्या निवडणुकीला ‘पेरू २०००’. माणूस एक, पाट्या चार. २०१६ साली निवडून आलेल्या पेद्रो पाब्लो कुचिन्स्की यांच्या पक्षाचं नाव ‘पेरुआनोस पोर एल काम्बियो’, बदलासाठी पेरूवासी. स्पॅनिशमध्ये ‘काम्बियो’चं पहिलं अक्षर ‘सी’. पक्षाने ते ‘के’ केलं, कारण मग पक्षाची आद्याक्षरं आणि उमेदवाराची आद्याक्षरं तंतोतंत जुळत होती: पी-पी-के. पक्ष एका माणसाच्या नावाचं लघुरूप होतो, तेव्हा त्या माणसाच्या मागे उभं राहायला संघटना उरत नाही.

फुजिमोरी १९९० साली जिंकले तेव्हा १८० जणांच्या प्रतिनिधिगृहात त्यांचे ३२ सदस्य होते. समोरच्या बाकांशी बोलणी करत राहणं हा एक मार्ग होता. त्यांनी दुसरा निवडला. ५ एप्रिल १९९२ रोजी त्यांनी लष्कराच्या बळावर काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, बरखास्त केली. या प्रकाराने स्पॅनिशला एक शब्द रूढ करून दिला: ‘आउतोगोल्पे’. ‘गोल्पे’ म्हणजे ठोसा, तडाखा. ग्रीक-लॅटिन ‘कोलाफुस’मधून आलेला. ‘गोल्पे दे एस्तादो’ म्हणजे सरकार उलथवणं. त्याला ‘आउतो’ जोडलं की सत्तेवर असलेल्यानेच आपल्या राज्यघटनेला घातलेला घाव. मराठीत आपल्याकडे बंड आहे, उठाव आहे, सत्तापालट आहे. या कृत्याला स्वतंत्र शब्द नाही, आणि त्याची गरज पडली नाही हे आपलं भाग्य मानायला हवं.

पुढचा शब्द ‘त्रान्सफुगा’. रोमन सैन्यातून पळून शत्रूच्या गोटात सामील होणारा शिपाई, हा त्याचा मूळ अर्थ. पेरूत तो पक्ष बदलणाऱ्या लोकप्रतिनिधीला लागला. २०००च्या निवडणुकीत फुजिमोरींच्या पक्षाला १२०पैकी ५२ जागा मिळाल्या होत्या. बहुमत कमी पडत होतं. १४ सप्टेंबर २००० रोजी एका वाहिनीने एक चित्रफीत दाखवली. गुप्तचर संस्थेच्या कचेरीतला सोफा, त्यावर बसलेले विरोधी पक्षाचे आल्बेर्तो कौरी, आणि फुजिमोरींचे सर्वेसर्वा सल्लागार व्लादिमिरो मोन्तेसिनोस. मोन्तेसिनोस खिशातून नोटांची बंडलं काढून देतात. रक्कम १५,००० डॉलर. हरयाणात १९६७ साली गयालाल यांनी पक्ष बदलले तेव्हा आपल्या भाषांना ‘आयाराम गयाराम’ मिळाला आणि ‘घोडेबाजार’ तर मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातला. फरक परिणामात आहे. आपल्याकडे घोडेबाजाराने एखादं राज्य सरकार जातं, दुसरं येतं. पेरूत त्या एका चित्रफितीने दोन महिन्यांत अध्यक्ष देश सोडून गेले आणि जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला.

काँग्रेसने तो राजीनामा नाकारला आणि जाहीर केलं की अध्यक्षपद ‘कायमच्या मोराल असमर्थतेमुळे’ रिकामं झालं आहे. या एका शब्दाची कथा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेरूच्या १८३९च्या घटनेतच पद रिकामं होण्याचं एक कारण ‘कायमची शारीरिक किंवा मोराल असमर्थता’ असं दिलं होतं. त्या काळच्या भाषेत ‘मोराल’ हा ‘शारीरिक’च्या विरुद्ध बाजूचा शब्द होता, त्यात मन, बुद्धी, चित्त यांचा समावेश होई. सैन्याच्या ‘मोराल’ला मराठीत आपण ‘मनोधैर्य’ म्हणतो, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. म्हणून अनेक कायदेपंडितांचं म्हणणं असं की घटनाकारांना अभिप्रेत होती ती बुद्धिभ्रंशासारखी अवस्था: अध्यक्ष शरीराने जिवंत, पण मनाने कारभाराला असमर्थ. काळ सरला, ‘मोराल’चा रोजचा अर्थ ‘नैतिक’ एवढाच उरला, आणि कलम तिथेच राहिलं. आता त्यात काहीही बसू लागलं: खोटं बोलणं, भ्रष्टाचाराचा आरोप, किंवा नुसती नामुष्की. मराठीत आपण ‘नैतिक असमर्थता’ असं भाषांतर करतो, तेव्हा नकळत हा दुसरा अर्थ आपणही मान्य केलेला असतो.

शब्दाचे अर्थ बदलतातच. पण इथे बदलाला गरजेने वेग दिला. कुचिन्स्कींच्या काळापासून पाहिलं तर १३० जणांच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षाला हटवायला ८७ मतं लागत. मजबूत पक्ष असलेल्या अध्यक्षाला ४४ सदस्यांची भिंत उभी करणं अवघड नसतं. कुचिन्स्कींकडे १८ होते, आणि विरोधी फुएर्सा पोपुलारकडे ७३. मार्च २०१८ मध्ये त्यांना हटवण्याच्या दुसऱ्या ठरावावर मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या मार्तिन विस्कारा यांना नोव्हेंबर २०२०मध्ये १०५ मतांनी काढलं. त्यांच्यानंतरचे मानुएल मेरिनो पाच दिवस टिकले. रस्त्यावर निदर्शनं झाली, दोन तरुण मारले गेले. त्याच महिन्यात घटना न्यायालयापुढे प्रश्न आला की ‘मोराल असमर्थता’ म्हणजे नेमकं काय. न्यायालयाने बहुमताने तो प्रकरणाच्या गुणवत्तेत न शिरता निकालात काढला. अर्थ लावण्याचा अधिकार मग ज्याच्याकडे ८७ मतं आहेत त्याच्याकडेच राहिला.

पेद्रो कास्तियो हे ग्रामीण भागातले शिक्षक, शिक्षकांच्या संपाचे पुढारी. २०२१ साली १८ उमेदवारांच्या गर्दीत पहिल्या फेरीत त्यांना १९ टक्क्यांच्या आत मतं होती, आणि तेवढ्यावर ते पहिले आले व पुढे अध्यक्ष झाले. ज्या ‘पेरू लिब्रे’ पक्षाने त्यांना उमेदवारी दिली होती, त्याच्याकडे १३०पैकी ३७ जागा होत्या. जून २०२२च्या अखेरीस त्याच पक्षाने त्यांना बाहेर पडायला सांगितलं आणि ते पडले. ७ डिसेंबर २०२२ला दुपारी त्यांच्याविरुद्धच्या तिसऱ्या ठरावावर मतदान व्हायचं होतं. त्याआधीच ते दूरचित्रवाणीवर आले: छातीवर अध्यक्षपदाचा लाल-पांढरा पट्टा, हातात कागद, आणि वाचताना कागद स्पष्ट थरथरत होता. काँग्रेस बरखास्त, संचारबंदी, फर्मानांवर कारभार. मंत्र्यांनी एकामागून एक राजीनामे दिले, लष्कर आणि पोलिसांनी साथ नाकारली. काँग्रेस ताबडतोब भरली आणि १०१ मतांनी त्यांना काढलं. मेक्सिकोच्या वकिलातीकडे जाताना त्यांना वाटेतच अटक झाली. फुजिमोरींच्या हाती निदान रणगाडे होते. कास्तियोंच्या हाती तो कागद. पक्ष दोघांपाशीही नव्हता. ऑक्टोबर २०२५मध्ये त्यांच्या उत्तराधिकारी दिना बोलुआर्ते यांनाही त्याच ‘मोराल’ शब्दाच्या आधारे हटवलं गेलं.

ब्राझीलने याच अडचणीवर एक तोडगा काढला आणि त्याला नावही दिलं. राज्यघटना आकाराला येत होती त्या १९८८ साली सेर्जियो आब्रांशेस या राज्यशास्त्रज्ञाने एका लेखात ‘प्रेझिदेन्सियालिझ्मु जी कोआलिझाँव’ असा शब्द वापरला: आघाडीची अध्यक्षशाही. आज ब्राझीलच्या वृत्तपत्रांत तो रोजचा आहे. अध्यक्ष एका पक्षाचा, पण मंत्रिपदं अनेक पक्षांना, त्या बदल्यात सभागृहात मतं.

‘कोआलिझाँव’ हा लॅटिन ‘कोआलेस्केरे’वरून आलेला: एकत्र वाढणं, जखमेच्या कडा जुळून येणं. आपल्या शब्दांची प्रकृती निराळी. ‘युती’ पंचांगातली, दोन ग्रह एका रेषेत दिसतात, काही दिवस राहतात आणि आपापल्या गतीने दूर होतात. ‘आघाडी’ रणांगणावरची, सैन्याची पुढची फळी, जिच्या मागे पिछाडी असते आणि समोर शत्रू. एकात भेटणं तात्पुरतं, दुसरीत लढाईपुरतं. ‘कोआलिझाँव’मध्ये मांस मांसाला धरतं. ब्राझीलच्या अनुभवाने दाखवलं ते असं की हे धरणं आपोआप होत नाही. फेर्नांदो एन्रिके कार्दोझो आणि लुला यांनी ते साधलं. दोघांनीही त्या काळात सलग दोन-दोन मुदती पूर्ण केल्या. पण त्याची किंमत काय होती, तेही ब्राझीलच्याच शब्दांत नोंदलेलं आहे. २००५ साली खासदारांना मतांसाठी दरमहा पैसे दिले जात असल्याचा आरोप झाला, आणि ‘मेन्साल’, म्हणजे मासिक, याला मोठेपणाचा ‘आँव’ प्रत्यय लावून ‘मेन्सालाँव’ शब्द तयार झाला. आपला ‘हप्ता’ फारसी ‘हफ्त’वरून, सातावरून आलेला. आठवड्याचा असो की महिन्याचा, ठरलेल्या वेळी पोचणाऱ्या पैशाला लोकांनी कालगणनेतूनच नाव दिलं. २०१२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात २५ जणांना दोषी ठरवलं.

‘आँव’ प्रत्ययाचा दुसरा शब्द ‘सेंत्राँव’: मोठा मधला गट. १९८७-८८च्या घटनासभेत तो पुढे आला. नाव मध्याचं असलं तरी त्याची ओळख मध्यममार्गी विचारासाठी नाही; जो सत्तेवर असेल त्याच्याशी सौदा करणारे अनेक लहान-मोठे पक्ष म्हणजे सेंत्राँव. या वृत्तीला ब्राझिलियन माणूस ‘फिझियोलोझिझ्मु’ म्हणतो, शरीरधर्मावर चालणारं राजकारण. मराठीत त्याला पोटार्थी म्हणता येईल. आणि भाड्याचे पक्ष तिथेही आहेतच. ‘लेजेन्दा जी अलुगेल’, भाड्याची पाटी.

पोटार्थी आघाडी संकटात थांबत नाही. २९ मार्च २०१६ रोजी उपाध्यक्ष मिशेल तेमेर यांच्या पक्षाने अवघ्या काही मिनिटांच्या बैठकीत अध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्या आघाडीतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. १७ एप्रिल, रविवार. ५१३ जणांच्या सभागृहात एकेक सदस्य ध्वनिक्षेपकासमोर येऊन मत देत होता. आरोप होता अर्थसंकल्पी हिशेबातल्या ‘पेदालादा’चा, सरकारी बँकांना देणं उशिरा देऊन ताळेबंद बरा दाखवण्याचा. पण मतं देताना त्याचा उल्लेख क्वचितच झाला. कुणी बायकोमुलांसाठी मत दिलं, कुणी नातवंडांसाठी, कुणी देवासाठी, कुणी आपल्या गावासाठी. ३४२ मतं पुरेशी होती, ३६७ पडली. ऑगस्टच्या अखेरीस सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी त्यांना पदावरून दूर केलं. या कारवाईला ब्राझीलमध्ये इंग्रजी ‘इम्पीचमेंट’ हाच शब्द चालतो. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पेदिका’, पायातली बेडी. आपण ‘महाभियोग’ म्हणतो; धर्मशास्त्रांत ‘अभियोग’ म्हणजे फिर्याद, जिची शहानिशा व्हायलाच हवी. बेडी घालणं आणि फिर्याद तपासणं यांत अंतर आहे. पाठीशी पक्ष नसलेल्या अध्यक्षाच्या वाट्याला बहुतेक वेळा बेडीच येते. १९९२ साली अध्यक्ष फेर्नांदो कोलोर यांच्याबाबतीतही असंच घडलं. त्यांच्यावरचे भ्रष्टाचाराचे आरोप गंभीर होते. पण ते ज्या चिमुकल्या पक्षावर निवडून आले होते, तो त्यांना सावरायला पुरेसा नव्हता.

मग बहुपक्षीय देशात अध्यक्षीय सरकार टिकतच नाही का? टिकतं, आणि त्याचा दाखला ब्राझीलला लागूनच आहे.

उरुग्वेमधल्या दोन जुन्या पक्षांची नावं ब्लांको आणि कोलोरादो, पांढरे आणि तांबडे. १९ सप्टेंबर १८३६ रोजी कार्पिन्तेरियाच्या लढाईत दोन्ही बाजूंनी ओळखीसाठी पट्ट्या बांधल्या होत्या. एका बाजूच्या पांढऱ्या. दुसरीच्या आधी निळ्या होत्या, त्या उन्हाने विटल्या म्हणून लाल घेतल्या, असं सांगतात. या पट्टीला ‘दिविसा’ म्हणत. यादवी संपली, पट्ट्या गेल्या, नावं राहिली. घराणी पिढ्यान्‌पिढ्या पांढरी किंवा तांबडी राहिली. १९७१ साली डाव्यांनी ‘फ्रेन्ते आम्प्लियो’, म्हणजे विशाल आघाडी, उभी केली. तिलाही आता पन्नास वर्षं उलटून गेली आहेत. पेरूतल्या पाट्या दर निवडणुकीला बदलल्या. इथली नावं पावणेदोनशेहून अधिक वर्षं चालली.

याचा उपयोग काय, ते २००२ साली दिसलं. शेजारच्या अर्जेंटिनात बँका बुडाल्या, आघाडी विस्कटली, आणि २० डिसेंबर २००१ रोजी अध्यक्ष फेर्नांदो दे ला रूआ राजीनामा देऊन सरकारी प्रासादाच्या छतावरून हेलिकॉप्टरने गेले. काही महिन्यांत तेच संकट उरुग्वेवर कोसळलं. बँका बंद ठेवाव्या लागल्या, दुकानं लुटली गेली. अध्यक्ष होते कोलोरादो पक्षाचे होर्हे बाट्ये. सोबतच्या ब्लांको पक्षाने नोव्हेंबरमध्ये आपले मंत्री काढून घेतले, पण संसदेतला पाठिंबा काढला नाही. विरोधी फ्रेन्ते आम्प्लियोने सरकार पाडण्याचा मार्ग धरला नाही. पुढच्या निवडणुकीची वाट पाहिली आणि ती जिंकली. बाट्येंनी मुदत पूर्ण करून १ मार्च २००५ रोजी सत्ता विरोधकांच्या हाती दिली. ज्या पक्षाला पुढच्या निवडणुकीतही याच नावाने मतदारासमोर जायचं असतं, तो आजचं घर पेटवत नाही. १९७३ साली उरुग्वेलाही हुकूमशाहीने गाठलं होतं. मुरलेले पक्ष म्हणजे अमरपट्टा नव्हे. पण १९८५ साली लोकशाही परतली ती त्याच पक्षांच्या आधारे, आणि त्यानंतर निवडून आलेल्या एकाही अध्यक्षाला मुदतीआधी पद सोडावं लागलेलं नाही. चिलीतही १९९०नंतर ‘कोन्सेर्तासियोन’ नावाच्या आघाडीने वीस वर्षांत चार अध्यक्ष दिले, चौघांनीही मुदत पुरी केली. नावाचा अर्थ, मिळून ठरवणं.

तेव्हा पक्ष किती, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी त्याहून मोठा प्रश्न पक्षात पक्षपण किती, हा आहे. पक्ष दोनच असले म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. अमेरिकेत दोनच आहेत, तरी अर्थसंकल्पावरून सरकारी कामकाज २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस ठप्प झालं. सरकार टिकलं, पण चाललं नाही. दोन पंख असून ते एकमेकांविरुद्ध फडफडत राहिले, तर पक्षी जागचा हलत नाही.

हा विचार आपल्यालाही लागू आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कार्यकारी सत्तेच्या दोन कसोट्या सांगितल्या, स्थैर्य आणि उत्तरदायित्व. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, ब्रिटिश पद्धत उत्तरदायित्व. मसुद्याने उत्तरदायित्वाला अधिक पसंती दिली आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. तरीही दर काही वर्षांनी अध्यक्षीय पद्धतीची मागणी होते. महाराष्ट्रातले वसंत साठे १९८०च्या दशकात तिचा हिरिरीने पुरस्कार करत होते. आघाडी सरकारांच्या कुरबुरींना कंटाळलेल्या माणसाला एकच बलवान, मुदतबंद प्रमुख असावा असं वाटणं स्वाभाविक आहे. पण लिमा आणि ब्राझिलियाचा अनुभव सांगतो की पद्धत बदलल्याने दुबळा पक्ष बलवान होत नाही. संसदीय पद्धतीत दुबळ्या पक्षामुळे सरकार पडतं. अध्यक्षीय पद्धतीत त्याच दुबळेपणामुळे राज्यघटनेचे शब्द ताणले जातात, आणि ताणता ताणता कधीतरी तुटतात.

महाराष्ट्रातल्या निवडणुकीच्या बातम्यांत आज सहज येणारे शब्द पाहा: पक्षप्रवेशाचा सोहळा, इनकमिंग, आउटगोइंग, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी हाती पडलेला एबी फॉर्म. कालपर्यंत ज्याच्या विरोधात भाषणं केली त्याचंच चिन्ह आज छातीवर. या बातम्या वाचून आपण पान उलटतो. यातला प्रत्येक शब्द आपल्या पक्षव्यवस्थेच्या प्रकृतीबद्दल काहीतरी सांगतो आहे. सभासदांची खरी नोंदणी, पक्षांतर्गत निवडणुका, उमेदवार ठरवताना कार्यकर्त्याला असलेला आवाज, पक्षाच्या पैशाचा उघड हिशेब: ही कामं कंटाळवाणी आहेत, त्यांवर सभा गाजत नाहीत. पण सरकारचा प्रमुख टिकतो तो यांच्यावर, मग त्याला आपण पंतप्रधान म्हणू की राष्ट्राध्यक्ष. स्थिर सरकार हवं असेल तर आधी टिकाऊ पक्ष घडवावे लागतील, आणि ते काम घटनादुरुस्तीने होणारं नाही. ते सभासदांना, कार्यकर्त्यांना आणि मतदारांनाच करावं लागेल.